बालचरित्राविना बाललीला : ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंविषयी

मराठीतील कृष्णाच्या बालचरित्राचा विचार सहसा पंढरपूरच्या वाटेने होतो. बालक्रीडेचे अभंग, गौळणी, काल्याचे कीर्तन, शके १६२४ मधील श्रीधराचा 'हरिविजय' हा त्या वाटेवरचा परिचित क्रम आहे. वऱ्हाडात मात्र कृष्ण मूल म्हणून आलेला नाही. तो जावई म्हणून आला. कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर, आणि अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून तिला नेल्याची आख्यायिका आजही सांगितली जाते. या भूमीच्या स्मृतीतला कृष्ण रथावर आहे, पाळण्यात नाही. असे असता मध्ययुगीन मराठीतील ईश्वराच्या बालभावाचे सर्वांत विलक्षण गद्य याच भूमीत, आजच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे का आकाराला आले, हा प्रश्न वाङ्मयेतिहासात पुरेशा गांभीर्याने विचारला गेलेला नाही.

महानुभावांच्या पंचकृष्णांत द्वारकेचा श्रीकृष्ण, माहूरचे दत्तात्रेय, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू आणि चक्रधर येतात. त्यांपैकी चक्रधरांना पंथीय श्रद्धेनुसार ईश्वरी बालपणच नाही. चांगदेव राऊळांनी द्वारावतीस देह ठेवला आणि भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळ याच्या मृत शरीरात प्रवेश केला, अशी ती कथा आहे. हरिपाळाचे बालपण हरिपाळाचेच राहते. ईश्वर येतो तो प्रौढ देहात. म्हणजे अवताराला बालपण हवेच, ही पौराणिक अट महानुभाव तत्त्वज्ञानाने प्रारंभीच सैल केली होती.

बालकृष्णाच्या आख्यानाचे पंथाला वावडे होते, असा याचा अर्थ नव्हे. दामोदर पंडितांचे 'वछाहरण' सातीग्रंथांत गणले जाते. त्याचा आधार भागवताच्या दशम स्कंधातील ब्रह्मदेवाने वासरे आणि गोपबालक चोरल्याचा प्रसंग. पूतना, शकटासुर, कालिया या पराक्रमकथा बाजूला ठेवून कवीने हाच प्रसंग निवडला, हे मला अर्थपूर्ण वाटते. या कथेत काळ अडतो. गोपबालक वर्षभराने परत येतात, पण त्यांच्या लेखी क्षणच गेलेला असतो. अघासुराचा वध पाचव्या वर्षी घडतो आणि मुले तो घरी सहाव्या वर्षी सांगतात. मधल्या वर्षभरात कृष्णच प्रत्येक घरचा मुलगा झालेला असतो, आणि गोकुळातली प्रत्येक आई नकळत त्याची आई होते. यशोदेचा एकाधिकार संपवणारी ही एकमेव बालकथा आहे.

पंथाचा दुसरा ओढा निवृत्तीकडे होता. 'शिशुपालवध' चांगला उतरला असला तरी निवृत्तांच्या उपयोगाचा नाही, असा अभिप्राय पंथातूनच मिळाल्यावर भास्करभट्टांनी 'उद्धवगीता' लिहिली, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. अकोल्याकडील बाळापूरचे विश्वनाथ बाळापूरकर 'ज्ञानप्रबोधा'त गीतेच्या तेराव्या अध्यायातील ज्ञानलक्षणांकडे वळतात; तिथे लीलेला फारसा वाव नाही.

या पार्श्वभूमीवर 'ऋद्धिपूरलीळा', म्हणजेच 'गोविंदप्रभुचरित्र', वाचावयास हवे. म्हाइंभटांनी संकलित केलेला मानला जाणारा आणि वि. भि. कोलते यांनी संपादित केलेला हा ग्रंथ तीनशेहून अधिक लीळांचा आहे. गोविंदप्रभू जवळच्या काटसुऱ्याचे. आईवडील लवकर गेल्यावर नातलगांनी त्यांना ऋद्धिपुरास आणले आणि इ.स. १२८७ च्या सुमारास निधन होईपर्यंत तेच त्यांचे गाव राहिले. पौराणिक चरित्रात ज्याला बालचरित्र म्हणतात, तो भाग येथे आरंभीच थोडक्यात आटोपतो. शकुन नाहीत, असुर नाहीत. पण नंतर पान उलटावे तसतसे लक्षात येते की बालपण संपलेलेच नाही. वयस्क पुरुष गल्ल्यांतून खेळतो, कोणाच्याही घरात शिरून खाणे मागतो किंवा उचलतो, रुसतो, मारतो, हसतो, मूर्तींशी बोलतो, एकदा होय म्हणून लगेच नाही म्हणतो. भागवतातील बाललीलांना वयाचा क्रम आहे, कौमार मग पौगंड. ऋद्धिपुरात क्रमच नाही, केवळ स्थळे आहेत. लीळाकाराने काळाऐवजी जागा नोंदवल्या. हा निव्वळ स्मरणाच्या सोयीचा भाग नसावा, कारण ज्याचे वय वाढत नाही त्याचे चरित्र कालक्रमाने सांगताच येत नाही.

अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९८२ मधील लेखाच्या शीर्षकातच गोविंदप्रभूंना देव आणि वेडा या दोन संज्ञांत ठेवले. १९८४ मध्ये त्यांचा इंग्रजी अनुवादही आला. गावातले लोक त्यांना वेडे म्हणत, हे संहितेतच आहे, आणि अवधूतवृत्तीची भारतीय परंपरा पाहता ही जोडी उचित आहे. तथापि 'मूल' ही तिसरी संज्ञा मिळवल्याखेरीज गावाचे वर्तन उलगडत नाही. वेड्याला गाव टाळते किंवा भिते. मुलाचे नुकसान सोसते. ऋद्धिपूर सोसते. मातंगांच्या घरी जाऊन खाणाऱ्या ब्राह्मणाला तेराव्या शतकातील गावाने काय केले असते, याची कल्पना करणे अवघड नाही. राऊळांच्या बाबतीत कुरबूर होते, पण शिक्षा होत नाही, कारण विटाळाचे नियम मुलाला पूर्णपणे लागू नसतात. बालभाव हा येथे अलंकार नाही. जातिव्यवस्थेतील एका ज्ञात सवलतीचा तो आयुष्यभर केलेला वापर आहे. तो जाणीवपूर्वक होता की नाही, हे संहिता सांगत नाही, आणि तिच्या प्रामाणिकपणाची ती खूण मानावी.

एक विपर्यास येथे अधिक महत्त्वाचा आहे. गोकुळात मूल कृष्ण आणि आई यशोदा. ऋद्धिपुरात हेच मूल गावाची आई आणि बाप म्हणून ओळखले जाते. अडलेल्या बाळंतिणी, आजारी लेकरे, भांडणारी घरे त्याच्याकडे येतात. 'वछाहरणा'त प्रत्येक घरी कृष्ण पुत्ररूपाने जातो, ऋद्धिपुरात राऊळ प्रत्येक घरात शिरतात. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव पडला, असे म्हणण्याइतका पुरावा नाही. पण नागदेवाचार्यांच्या परिवारात वावरणाऱ्या कवीला हा प्रसंग केवळ पोथीतला वाटला नसेल.

महदाइसेचे 'धवळे'ही याच संदर्भात पाहावेत. ते आद्य मराठी कवयित्रीचे लग्नगीत म्हणून वाचले जातात, आणि प्रसंग पुष्कळदा तळटीपेत जातो. तो असा : राऊळांनी स्वतःचे लग्न मांडायला लावले, भक्तांनी तयारी केली, आणि महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची गाणी रचून म्हटली. हे लग्न भातुकलीतले आहे, आणि गाणे कौंडिण्यपूरचे. वऱ्हाडचा जावई आणि ऋद्धिपूरचे मूल ही दोन रूपे त्या मांडवात एकत्र येतात, आणि महदाइसा गाते ती मुलाच्या हट्टापायी.