नामका चूच्या काठावर ब्रिगेड कशासाठी?

चीनविरुद्धच्या १९६२ च्या पराभवाची चर्चा आपल्याकडे बहुधा सुती गणवेश आणि जुनाट रायफलींपाशी येऊन थांबते. ते खोटे नाही. आजच्या अरुणाचलच्या सीमेवरील नामका चू या नदीवर ७ इन्फन्ट्री ब्रिगेडचे कितीतरी जवान उन्हाळी कपड्यांत, माणशी एका ब्लँकेटवर आणि रायफलीमागे पन्नासेक काडतुसांवर उभे होते. पण कपडे आणि दारूगोळा वेळेत पोचला असता तर ब्रिगेड वाचली असती, हा त्यातून काढला जाणारा अर्थ मला पटत नाही. तुटवड्यापेक्षा तिचा घात जागेने केला, आणि ती जागा सोडू न देण्याचा हट्ट सैनिकी विचारातून आलेला नव्हता.

ही जागा नीट पाहायला हवी. थागला कड्याच्या पायथ्याशी नामका चू वाहते. उत्तरेचा उंच उतार चिन्यांकडे होता, आपले मोर्चे खाली दरीत, दक्षिण काठाला. आपली प्रत्येक हालचाल वरून दिसत होती. जूनमध्ये तिथे आसाम रायफल्सची धोला चौकी बसली. ८ सप्टेंबरला चिनी सैनिक कड्यावरून उतरले. चौकीच्या मदतीला आधी ९ पंजाब गेली, मागोमाग २ राजपूत, १/९ गोरखा आणि ४ ग्रेनेडियर्स. नदीवर ओंडक्यांचे पूल होते आणि मोर्चे त्या पुलांच्या आधाराने मांडलेले. पाण्याला जोर होता तोवर पूल राखण्यात अर्थ होता. ऑक्टोबरात पाणी ओसरले, नदी पायी ओलांडता येऊ लागली, तरी मोर्चे हलले नाहीत. रसद यायची ती साडेचौदा हजार फुटांच्या आसपास असलेल्या त्सांगधरला, विमानातून. त्यातले बरेचसे सामान दऱ्याखोऱ्यांत नाहीसे व्हायचे. २० ऑक्टोबरच्या पहाटे तोफांचा भडिमार सुरू झाला तेव्हा रात्रीतून नदी पार केलेले चिनी सैनिक मोर्च्यांच्या बगलेला आणि पाठीशी होते. एकट्या २ राजपूतचे २८२ जवान पडले. अशा ठिकाणी लोकरीचा कोट थंडी अडवतो, वेढा अडवत नाही.

या ब्रिगेडचे कमांडर ब्रिगेडियर जॉन दळवी स्वतः कैदेत गेले होते, तेव्हा त्यांचे या लढाईवरचे पुस्तक म्हणजे आत्मसमर्थन, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. म्हणूनच त्यांच्याशी मुळीच न पटणाऱ्या साक्षीदाराकडे, ४ कोअरचे कमांडर जनरल कौल यांच्याकडे, पाहावे. जवानांच्या हलाखीचे वर्णन त्यांच्याही आत्मकथनात आहे. १० ऑक्टोबरला नदीपलीकडच्या त्सेंग जोंगची चकमक डोळ्यांनी पाहून ते दिल्लीला गेले. चिन्यांना हुसकावण्याचा बेत तिथे बारगळला. ब्रिगेड मात्र नदीवरच ठेवायची ठरली. हा निर्णय मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण आता अज्ञानाची सबब उरली नव्हती. त्याआधी कोअर कमांडर उमराव सिंग यांनी रसदीचे गणित मांडून विरोध केला, तर या आघाडीची जबाबदारीच त्यांच्याकडून काढून कौल यांच्या नव्या ४ कोअरकडे देण्यात आली.

संसद आणि जनता खवळलेली असताना सरकार माघार कशी घेणार, असे कोणी विचारेल. पण माघार म्हणजे देश सोडणे नव्हे. मागे सरून जिथे रसद पोचते तिथे लढणे हाही सीमेच्या रक्षणाचाच मार्ग होता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नोव्हेंबरात सेला खिंडीची जागा उंच, सैन्यही मोठे, तरी तीही पडली. खरे आहे. मात्र तिथे न लढताच माघार सुरू झाली, म्हणजे पुन्हा दोष वरिष्ठांच्या निर्णयाकडेच जातो.

या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. नवे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी संसदेत त्यातील निष्कर्षांचा गोषवारा सांगितला. संपूर्ण अहवाल मात्र सरकारने अजून प्रसिद्ध केलेला नाही. तो आता खुला करावा. नामका चूवर पडलेल्यांच्या घरच्यांचा त्यावर पहिला हक्क आहे.