राहायची सोय

मेहेरबाई टाटांना रक्ताचा कर्करोग झाला. उपचारांसाठी त्या वेल्सला होत्या आणि १९३१ साली तिथेच गेल्या. तशा तोडीचं रुग्णालय आपल्या देशात असावं, ही त्यांचे पती दोराबजी यांची इच्छा. पण वर्षभरात तेही गेले. मागे राहिलेल्या विश्वस्तांनी ते काम तडीला नेलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल उघडलं. तेव्हा तिथे ८० खाटा होत्या.

यापुढचा इतिहास डॉक्टरांच्या नावांनी सांगितला जातो, आणि ती नावं घ्यायलाच हवीत. डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ साली एका सहकाऱ्यासोबत लिहून ठेवलं, की कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या काचाने त्याच जागी कातडीचा कर्करोग होतो आणि ओठाआड तंबाखूची चिमूट धरणाऱ्याला तो तिथेच होतो. समोरचा माणूस जगतो कसा, हे बारकाईने विचारल्याशिवाय असलं काही हाती लागत नाही. मूळचे गोमंतकीय असलेले शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचं नाव तर रुग्णालयाच्या रस्त्यालाच दिलं आहे.

मी परळ-दादर भागात वैद्यकीय समाजसेविका म्हणून नोकरी केली. त्यामुळे या इतिहासाचा फाटकाबाहेरचा भाग मला अधिक जवळचा आहे.

तोंडाच्या कर्करोगाला ‘लाईट’ (किरणोपचार) द्यायची, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, असे सहा-सात आठवडे जातात. मशीनखाली रोज मोजकी मिनिटं. त्यासाठी वॉर्डात खाट मिळत नाही, कारण ती ऑपरेशनच्या पेशंटला लागते. मग वाशीम किंवा नांदेडहून आलेल्या माणसाने दिवसाचा उरलेला वेळ काढायचा कुठे? माझ्यासमोर बसल्यावर फाइल उघडायच्या आत प्रश्न यायचा, “ताई, राहायची सोय होईल का कुठं?” कोणी भाच्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत संकोचाने दिवस काढी, कोणी फुटपाथवर प्लास्टिक बांधून राही. तोंड आलेल्या माणसाला पेज लागते, गुरगुट्या भात लागतो, आणि तो फुटपाथवर शिजत नाही. केमोने पांढऱ्या पेशी उतरलेल्या पोराला स्वच्छ पाणी लागतं. “पेरणी उरकून येतो” म्हणत काही जण गावी जात आणि मधले आठवडे बुडत. लाईटमध्ये असा खंड पडला की आधी घेतलेल्या उपचाराचाही जोर कमी होतो.

ही नड गाडगेबाबांनी फार आधी ओळखली होती. पंढरपूर, आळंदी, नाशिकला यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधणाऱ्या बाबांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांसाठीही धर्मशाळा उभी केली. बाबा १९५६ साली गेले. पुढे त्यांच्या मिशनची धर्मशाळा दादर पूर्वेला झाली आणि टाटाचे पेशंट तिथे मुक्कामाला येऊ लागले. अशा ठिकाणी छपराइतकाच सोबतीचाही आधार असतो. कोणत्या खिडकीशी किती वाजता रांग लावायची, रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म कुठे भरून मिळतो, नळीतून भरवायचं पातळ कसं गाळून घ्यायचं, हे आधी आलेली बाई नव्या बाईला शिकवते. केस गेलेली दुसरी बाई बघितली, की आपले केस जाताना होणारी घालमेल थोडी सोसवते. आम्ही समुपदेशन करायचो, पण ही शिकवण आमच्या खुर्चीतून देता येत नव्हती.

बाकीचे हातही एकेक करून लागत गेले. १९५१ साली डॉ. जसावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी सुरू केली. १९६८ साली नाना पालकर स्मृती समिती स्थापन झाली आणि परळला तिच्या रुग्णसेवा सदनात बाहेरगावच्या रुग्णांची सोय होऊ लागली. उपचार थांबल्यावरही माणूस उरतोच, त्याच्या वेदनेकडे कोणी पाहायचं? त्यासाठी टाटातल्याच डॉ. एल. जे. डिसोझांनी १९८६ साली वांद्र्याला शांती अवेदना सदन काढलं. देशातलं हे पहिलं हॉस्पिस, पुढे त्याची शाखा गोव्यात लोटलीलाही झाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. अशा मुलांना आईवडिलांसह मोफत राहता यावं, म्हणून २००६ साली सेंट ज्यूडची केंद्रं सुरू झाली.

या सगळ्यात मला एक गोष्ट खुपते. रुग्णालय उभारताना मशीन, थिएटर, वॉर्ड यांचा आराखडा आधी होतो. राहण्याची सोय मात्र नंतर, कोणा दात्याच्या मनात आली तर होते. सरकारी योजनांतून ऑपरेशनचा, केमोचा खर्च निघतो. पण बाहेरच्या खोलीचं भाडं आणि सोबत आलेल्याची बुडालेली मजुरी घरच्यांच्याच माथी येते आणि उपचार अर्धवट सुटतात ते पुष्कळदा त्यापायी.

आता बार्शी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथेही कर्करोगाचे उपचार मिळतात, हे फार चांगलं झालं. तरी तालुक्याच्या गावापासून तिथवरचं अंतर रोज जाऊन-येऊन झेपणारं नाही. म्हणून यापुढे जिथे लाईटचं मशीन बसेल, तिथे त्याच अंदाजपत्रकात पेशंट आणि सोबतीच्या माणसासाठी खोल्या आणि एक स्वयंपाकघर धरलं पाहिजे. परळने हे दात्यांच्या भरवशावर, हळूहळू जमवलं. पुढच्या गावांना तितकी वाट पाहायला लावू नये.