१५ ऑगस्ट १६६० : ५५ दिवस झुंजून चाकणचा किल्ला पडला तो दिवस

१५ ऑगस्ट म्हटलं की १९४७ आठवतं. पण चाकणच्या इतिहासात याच तारखेला आणखी एक नोंद आहे. १५ ऑगस्ट १६६० रोजी चाकणचा संग्रामदुर्ग मुघल सरदार शाइस्तेखानाच्या ताब्यात गेला. म्हणजे ही पराभवाची तारीख. तरीही साडेतीनशे वर्षांनंतर हा वेढा आवर्जून सांगितला जातो, कारण एवढासा किल्ला घ्यायला मुघलांना तब्बल ५५ दिवस लागले होते.

हा वेढा का पडला, शेवटच्या दोन दिवसांत काय घडलं आणि '१५ ऑगस्ट' ही तारीख नेमकी कोणत्या कॅलेंडरची, हे समजून घेऊया.

शाइस्तेखानाला चाकणच का हवं होतं?

१६६० साल स्वराज्यासाठी फार कठीण होतं. अफजलखानाच्या वधाला जेमतेम काही महिने झाले होते. शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते. त्याच वेळी औरंगजेबाचा मामा शाइस्तेखान मोठी फौज घेऊन अहमदनगरहून निघाला आणि ९ मे रोजी पुण्यात दाखल झाला.

पुणं हाती आलं, पण फौजेला आणि जनावरांना रोज दाणागोटा लागतो. आसपासच्या मुलखातून तो मिळेना. रसद यायची ती अहमदनगरकडून, आणि त्या वाटेवर, पुण्याच्या उत्तरेला साधारण ३० किलोमीटरवर चाकण होतं. चाकण मराठ्यांकडे असेपर्यंत मुघलांच्या रसदेला धोका कायम होता. म्हणून शाइस्तेखानानं आधी चाकण घ्यायचं ठरवलं. २१ जूनला त्याची फौज किल्ल्यासमोर येऊन उभी राहिली.

किल्ला कसा होता?

संग्रामदुर्ग हा भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवरचा किल्ला. राजगड किंवा सिंहगडासारखा त्याला कड्याकपाऱ्यांचा आधार नव्हता. तट, बुरूज आणि भोवतीचा खंदक, एवढंच त्याचं संरक्षण. किल्लेदार होते फिरंगोजी नरसाळा. आत तीनशे-साडेतीनशे माणसं होती असं सांगितलं जातं. नेमका आकडा काहीही असला, तरी बाहेरची फौज कितीतरी पटींनी मोठी होती यात शंका नाही.

पन्हाळ्यात अडकलेल्या महाराजांकडून मदत येण्याची शक्यता जवळपास नव्हती. महाराज १२ जुलैच्या रात्री पन्हाळ्यातून निसटले आणि विशाळगडाला पोचले. पण तिथून चाकण खूप लांब होतं आणि मध्ये पुण्यात मुघलांचा तळ. फिरंगोजींना जे करायचं ते आपल्याच बळावर करायचं होतं.

त्यात भर पावसाळा. खंदक भरलेला, मुघलांच्या मोर्चांत चिखल आणि वरून तटावरचा मारा. तोफांनी काम होईना, तेव्हा मुघलांनी भुयार खणायला घेतलं. डोंगरी किल्ला खडकावर उभा असतो, तिथं भुयार खणणं महाकठीण. भुईकोटाखाली मात्र माती असते. बुरुजाखालपर्यंत भुयार न्यायचं, त्यात दारू ठासायची आणि बुरूज उडवून द्यायचा, यालाच सुरुंग लावणं म्हणतात.

१४ आणि १५ ऑगस्टला काय घडलं?

१४ ऑगस्टला दुपारी किल्ल्याच्या ईशान्येकडच्या बुरुजाखाली सुरुंग उडाला. बुरूज आणि त्यावरची माणसं उडाली. तटाला खिंडार पडलं आणि मुघल सैनिक त्या दिशेनं धावले. पण आत त्यांना वेगळंच दिसलं. खिंडाराच्या मागे मराठ्यांनी मातीचा उंच बांध घालून ठेवला होता आणि त्याच्याआड ते लढायला उभे होते. सुरुंग कुठे उडू शकतो याचा अंदाज घेऊन केलेली ती तयारी असावी.

त्या दिवशी किल्ला पडला नाही. मुघलांनी रात्र खिंडारापाशीच काढली. १५ ऑगस्टच्या सकाळी पुन्हा हल्ला झाला, तेव्हा मात्र मुघल आत घुसले. उरलेल्या मराठ्यांनी बालेकिल्ल्याचा आसरा घेतला आणि थोड्याच वेळात किल्ला शत्रूच्या हवाली करावा लागला. सुरुंग एका दिवशी आणि किल्ल्याचा ताबा दुसऱ्या दिवशी, म्हणून या घटनेसाठी १४ आणि १५ अशा दोन्ही तारखा वाचायला मिळतात.

मुघलांच्या बाजूनं नोंदवलेलं नुकसान असं : २६८ ठार आणि ६०० जखमी. पुढे मुघलांनी चाकणचं नाव बदलून इस्लामाबाद ठेवलं. ते नाव काही टिकलं नाही.

फिरंगोजींची लढाई पाहून शाइस्तेखानानं त्यांना मुघल चाकरी देऊ केली, पण ती नाकारून ते महाराजांकडे परतले, असं मराठी परंपरा सांगते. पुढे भूपाळगडाचे किल्लेदार म्हणूनही त्यांचं नाव येतं.

५५ दिवसांनी काय साधलं?

किल्ला गेला, हे खरं. पण मुघलांचा जवळपास अर्धा पावसाळा एका भुईकोटात खर्ची पडला. सपाटीवरच्या किल्ल्याला एवढा वेळ आणि एवढी माणसं लागली, तर सह्याद्रीतल्या एकेका गडाला किती लागतील, हा हिशोब चाकणनं मुघलांपुढे मांडला. शाइस्तेखान पुण्यात परतला आणि तिथेच मुक्काम ठोकून राहिला. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराजांनी लाल महालात शिरून त्याच्यावर छापा घातला, तेव्हा त्याची बोटं तुटली आणि त्याला पुणं सोडावं लागलं.

ही १५ ऑगस्ट नेमकी कोणती?

आता तारखेची गंमत. १६६० मध्ये इथली माणसं तिथी वापरत होती आणि मुघल दरबार हिजरी तारखा. '१५ ऑगस्ट' हे इतिहासकारांनी नंतर केलेलं रूपांतर आहे, आणि तेही ज्युलियन कॅलेंडरनुसार. त्या काळी इंग्रज वखारींची पत्रं याच कॅलेंडरच्या तारखांनी लिहिली जात, त्यामुळे त्यांच्याशी ताळा जमवणं सोपं जातं.

आज आपण वापरतो ते ग्रेगोरियन कॅलेंडर १५८२ मध्ये सुरू झालं. पोर्तुगीजांनी ते लगेच स्वीकारलं, इंग्रजांनी मात्र थेट १७५२ मध्ये. सतराव्या शतकात या दोन कॅलेंडरांत १० दिवसांचा फरक होता. म्हणजे आजच्या कॅलेंडरनं मोजलं, तर चाकण पडलं तो दिवस २५ ऑगस्ट १६६० येतो.

हे फक्त चाकणपुरतं नाही. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी आणि राज्याभिषेकाची ६ जून याही ज्युलियन तारखा आहेत. आजच्या कॅलेंडरनं त्या १ मार्च १६३० आणि १६ जून १६७४ होतात. त्यामुळे दिनविशेषाच्या पोस्टमध्ये दहा दिवसांचा फरक दिसला, तर दर वेळी ती चूकच असेल असं नाही. आधी कॅलेंडर कोणतं ते पाहावं.

आज चाकणमध्ये काय उरलंय?

संग्रामदुर्गाचे तटबुरुजांचे आणि खंदकाचे काही अवशेष चाकण गावात आजही आहेत, भोवती दाट वस्ती आहे. बाहेर एमआयडीसीत बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने उभे आहेत. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता इथंच एकमेकांना छेदतात. शिक्रापूरला पुढे नगरचा रस्ता लागतो. शाइस्तेखानाला चाकण हवं होतं ते रस्त्यासाठी, आणि कारखाने इथं आले त्यातही रस्त्यांचा मोठा वाटा आहे. चौकातल्या कोंडीत अडकल्यावर तो किल्ला इथून किती जवळ आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.