आजोबांचा हात आणि शार्कोची खुर्ची

आजोबांना पार्किन्सन असल्याचं कळलं, तेव्हा मी एका शनिवार-रविवारी बसून त्यांच्यासाठी छोटंसं ॲप लिहिलं. फोन मनगटाला बांधायचा, हात मांडीवर सैल सोडायचा. फोनमधला ॲक्सेलरोमीटर थरथर नोंदवतो. नवी गोळी सुरू झाली आणि महिन्याभरात आलेख निम्म्यावर आला. मी खूश होऊन त्यांना स्क्रीन दाखवली. ते म्हणाले, "असेल बाबा. पण शर्टाचं बटण अजून तुझी आजीच लावते."

मला वाटलं, आजोबांना फरक जाणवत नाहीये. मग या आजाराचा इतिहास वाचत गेलो, तेव्हा कळलं की आमच्या घरातला हा वाद बराच जुना आहे.

1817 मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या कंपवातावर निबंध लिहिला. त्यात रुग्ण अवघे सहा. त्यांतले काही त्यांना रस्त्यात दिसलेले, एक तर फक्त लांबून पाहिलेला. डॉक्टरांचे डोळे हेच त्यांचं यंत्र.

मोजमाप आणलं पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या ज्याँ-मार्तँ शार्को यांनी. नाडीचे ठोके कागदावर उमटवणारं यंत्र त्यांनी मनगटाच्या थरथरीसाठी वापरलं. डोक्याचा कंप मागच्या बाकापर्यंत दिसावा, म्हणून व्याख्यानात रुग्णांना लांब पिसांच्या टोप्या घातल्या. यातून एक महत्त्वाचा भेद स्पष्ट झाला : पार्किन्सनमधला हात प्रामुख्याने स्वस्थ असताना थरथरतो, तर मल्टिपल स्क्लेरोसिसमधला काही करायला गेल्यावर. सगळ्याच रुग्णांना कंप नसतो, हेही शार्को यांच्या लक्षात आलं. म्हणून आजाराला 'थरथरता पक्षाघात' न म्हणता पार्किन्सनचं नाव द्यावं, असं त्यांनी सुचवलं.

पण हेच शार्को रुग्णांचं ऐकतही होते. रेल्वेचा किंवा घोडागाडीचा लांबचा प्रवास केला की बरं वाटतं, असं रुग्ण सांगत. ते उडवून न लावता त्यांनी यंत्राने हलणारी खुर्चीच बनवून घेतली. 1892 मध्ये त्यावर व्याख्यान दिलं. खुर्चीत बसलेल्यांना हलकं वाटे, झोप चांगली लागे. पुढच्याच वर्षी शार्को वारले आणि प्रयोग अर्धवट राहिला.

तो पूर्ण व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली. शिकागोच्या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 23 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला कंपनं देणारी खुर्ची, दुसऱ्याला कंपनांशिवाय तसाच आराम. रोज अर्धा तास, महिनाभर. दोन्ही गटांच्या हालचालींत सुधारणा दिसली आणि ती जवळपास सारखीच होती. म्हणजे श्रेय कंपनांना देता येईना. मला यातलं वेगळंच काही महत्त्वाचं वाटलं. अपेक्षा आणि आराम यांचा परिणाम रुग्णाच्या बोलण्यावर होतो, तसा तपासणीच्या गुणांवरही होऊ शकतो. आकडा म्हणजे निखळ सत्य, ही माझी समजूत तिथे हलली.

2008 मध्ये सुधारलेल्या पार्किन्सनच्या मापनश्रेणीतही यासाठी वेगवेगळे भाग आहेत. एकात डॉक्टर हालचाली तपासून गुण देतात. दुसऱ्यात रुग्ण स्वतः सांगतो : जेवताना, कपडे घालताना, लिहिताना किती अडतं. दोन्ही भागांचे गुण जुळत नाहीत, तेव्हा कुणीतरी खोटं बोलतंय असा अर्थ होत नाही.

आमच्या घरातही तेच झालं होतं. मी मोजत होतो तो मांडीवर स्वस्थ पडलेला हात. बटण लावताना अडत होता तो बोटांचा मंदपणा, आणि तो माझ्या आलेखात नव्हताच. आजोबांचं बरोबर होतं. माझा आकडाही बरोबर होता. प्रश्न तेवढा चुकला होता.

आता ॲप आलेख दाखवण्याआधी विचारतं : आज काय जमलं नाही? आजोबा सांगतात, मी टाइप करतो. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना दोन्ही घेऊन जाणार आहोत.