लेजर जुळायचं तेव्हा
मंडळी, इंदूर असो की बडोदा, आपल्या घरांतून एकजण तरी बँकेत असायचाच. १९ जुलै १९६९ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा खेड्यापाड्यांत गेल्या, भरती वाढली. हिशेब सगळा हाताने. लेजर जुळेना की स्टाफ रात्री थांबायचा. सात पैशांचा फरक शोधता शोधता जुने हेडक्लार्क नव्या पोरांना काम शिकवायचे. पगार बेताचा, पण अडलं तर विचारायला माणूस होता.

१९८४च्या रंगराजन समितीनंतर शाखांत यंत्रं आली, जुळवाजुळवीचा त्रास कमी झाला. चांगलंच झालं. मात्र २०००-०१च्या व्हीआरएसमध्ये सरकारी बँकांतले सुमारे १ लाख कर्मचारी बाहेर पडले. शिकवणारे कितीतरी त्यांतच गेले.

आयटीतल्या नातवंडांना पगार जरूर विचारा. त्याआधी विचारा, अडलं तर कुणाकडे जातोस?