नटसम्राट : स्वगते आणि आशयसूत्रे

वि. वा. शिरवाडकर (१९१२–१९९९) यांची मराठी शोकात्मिका. पहिला प्रयोग दि गोवा हिंदू असोसिएशनने २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत केला. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर. गणपतराव बेलवलकरांची भूमिका श्रीराम लागू यांनी, तर कावेरीची शांता जोग यांनी केली. १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार या नाटकाला मिळाला.

निवृत्त नट बेलवलकर आपली मिळकत मुलगा व मुलगी यांना वाटून देतात आणि दोघांच्याही घरी नकोसे होतात. हा सांगाडा शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’चा आहे. मात्र लिअरशी एकनिष्ठ राहणारी धाकटी मुलगी कॉर्डेलिया येथे नाही. अखेरपर्यंत साथ देते ती पत्नी कावेरी, आणि तिच्यानंतर रस्त्यावर बूटपॉलिश करणारा राजा.

आशयसूत्रे : घर, वादळ आणि रंगभूमी ही तीन सूत्रे नाटकभर फिरून येतात. लिअर वादळाला आव्हान देतो. बेलवलकर स्वतःलाच तुफान म्हणवतात आणि त्या थकलेल्या तुफानासाठी छप्पर मागतात. घर आणि वादळ ही दोन सूत्रे येथे एकाच भाषणात मिळतात. म्हणूनच ते या शोकात्मिकेचे मर्म ठरते.

स्वगते : लिअरची वादळातली गाजलेली भाषणे काटेकोर अर्थाने स्वगते नव्हेत, कारण विदूषक आणि निष्ठावंत सरदार केंट त्याच्याजवळ असतात. शिरवाडकरांनी स्वगताचा धागा ‘हॅम्लेट’मधून घेतला. ‘जगावं की मरावं’ हा प्रश्न मूळ नाटकात एका मुलाचा आहे, येथे तो बापाच्या तोंडी येतो. पोटची मुले विसरली आणि जन्म देणारा विधाताही विसरला, ही तक्रार त्यामुळे शेक्सपिअरची उसनवारी न राहता बेलवलकरांची होते. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्ये बोललेला हा माणूस स्वतःचे दुःखही भूमिकांच्या भाषेत मांडतो. त्यामुळे काव्यमय स्वगत आधुनिक गद्य नाटकात उपरे वाटत नाही. मृत्यूच्या क्षणी आपण केलेल्या भूमिकांची नावे तो उच्चारतो, तेव्हा रंगभूमीचे सूत्र पूर्णत्वाला जाते.

महत्त्व : शिरवाडकरांनी आधी ‘मॅक्बेथ’चे ‘राजमुकुट’ (१९५४) हे रूपांतर केले होते. तो अभ्यास ‘नटसम्राट’मध्ये स्वतंत्र निर्मितीला पोचला. दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही बेलवलकर साकारले. शेक्सपिअरचे शोकात्म स्वगत मराठी मध्यमवर्गीय कुटुंबकथेत इतके खोल रुजवणारे दुसरे नाटक मराठीत नाही.