मापाची पट्टी कुणाची?

बॉस्टन शहरातल्या काही मुलांची उंची-वजनं 1930च्या दशकात हॅरोल्ड स्टुअर्ट यांनी नेमाने नोंदवली. पुढे ती ‘हार्वर्ड मानकं’ झाली आणि डेरिक जेलिफ यांच्या 1966च्या पुस्तकाने जगभर पोचवली. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1972 साली कुपोषणाच्या श्रेणी पाडल्या, त्याही याच मापावर: वजन मानकाच्या 80 टक्क्यांहून जास्त असेल तर मूल ठीक, त्याखाली गेलं की पहिली श्रेणी.

आक्षेप लगेच आला. आपली मुलं मुळातच लहान चणीची, त्यांना अमेरिकी माप कशाला?

याचं उत्तर हैदराबादेत मिळालं. कुन्नूरला 1918 साली मॅककॅरिसन यांनी सुरू केलेली छोटी प्रयोगशाळा वाढत वाढत 1958 मध्ये हैदराबादेत आली. तार्नाक्यातली आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. तिथल्या संशोधकांनी शहरातल्या सुखवस्तू घरांची शाळेआधीच्या वयाची मुलं मोजली आणि 1976 मध्ये आकडे छापले. ही मुलं अमेरिकी मुलांच्या तोडीने वाढत होती. त्याच शहरातली गरिबांची मुलं मात्र मागे होती. फरक रक्ताचा नव्हता. ताटाचा, पाण्याचा आणि आजारपणाचा होता. या एका निष्कर्षाचं मोल मला फार मोठं वाटतं.

तरी वाद मिटला नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे थोर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी मांडलं, की एकाच माणसाची उष्मांकाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर जुळवून घेतं. म्हणून उपाशी माणसांचे आकडे फुगवलेले आहेत. त्यांचा संख्याशास्त्रीय मुद्दा वजनदार होता. पण 1980च्या सुमारास डेव्हिड सेकलर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने त्यावरून ‘लहान पण निरोगी’ अशी मुलं असतात, असं सांगितलं, तेव्हा हैदराबादच्या संस्थेचे माजी संचालक सी. गोपालन कडाडून विरोधात उभे राहिले. खुजेपणा गरिबांना चालतो आणि श्रीमंतांना नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. मी गोपालनांच्या बाजूचा आहे. जुळवून घेतलेलं शरीर काही तरी गमावूनच जुळवून घेतं.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने 1997 ते 2003 या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथली अंगावर पिणारी, धडधाकट घरांतली मुलं मोजली. भारतातर्फे दक्षिण दिल्लीची मुलं होती. पहिल्या दोन वर्षांतल्या लांबीच्या एकूण फरकात देशादेशांतल्या फरकाचा वाटा जेमतेम 3 टक्के निघाला. त्यातून 2006 साली आलेला तक्ताच आज अंगणवाडीत वापरतात.

आता पुन्हा भारतीय पट्टीची मागणी होते आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत पाचाखालची 35.5 टक्के मुलं खुजी निघाली. सर्वांत गरीब गटात 46 टक्के, सर्वांत श्रीमंत गटात 23. श्रीमंतांतही इतकी म्हणजे पट्टीच चुकीची, असा युक्तिवाद होतो. पण त्या मुलांच्या आया कशा वाढल्या, त्यांच्या आया काय खात होत्या, हे त्या गटवारीत येत नाही. आईची खुंटलेली उंची भरून यायला एकाहून जास्त पिढ्या लागतात.